तुम्ही विचारलंत म्हणून: कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड का नाही करत?

आमच्या कोरसच्या दर तालमीनंतर कोणीतरी विचारतंच, अगं सरावाच्या फाईलींसाठी लिलीपॉण्डमध्ये (टाईप करून नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) एकेक सूर टाईप करत बसतेस आणि मग त्याचं ऑडिओ बनवतेस, त्यापेक्षा कीबोर्डवर वाजव, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ग्रुपवर टाक, दहा मिनिटांचं काम. एकदाच सगळं लिहिते.

दहा मिनिटांचं नाहीये ते. चार आवाज, प्रत्येकाला आपली ओळ मोठी आणि बाकीच्या तीन मागे हळू हव्यात, म्हणजे चार रेकॉर्डिंग. मग कोरस बसवणारे सर म्हणतात लय ७२ नको ६० करा, एक सूर खाली घ्या, की परत चार. टेक्स्ट फाईलमध्ये दोन ओळी बदलायच्या. लिलीपॉण्ड मिडी फाईल काढून देतं, त्यात आवाज नसतोच, कुठला सूर कधी आणि किती जोरात एवढंच असतं, आवाज साउंडफॉन्टमधून (वाद्यांच्या आवाजांची फाईल) येतो आणि फ्लुइडसिंथ हे सॉफ्टवेअर दोन्ही घेऊन वेव्ह म्हणजे ऑडिओ फाईल बनवतं. जनरल मिडी या ठरलेल्या यादीतल्या १२८ वाद्यांत ५३ वं कोरसच्या आवाजाचं आहे, पण माझ्या साउंडफॉन्टमध्ये त्यात सूर नेमका कुठे लागला ते कळत नाही, म्हणून मी ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याचा आवाज लावते.

आता काकूंचं. आल्टोतल्या (बायकांचा खालचा आवाज) काकूंना नोटेशन वाचता येत नाही, पण शास्त्रीय शिकल्यात, कान पक्का. जी मेजरमधलं ते गाणं त्या महिनाभर तळजाई टेकडीवर फिरताना माझ्या फाईलवरून शिकल्या. बाकीच्या आल्टो छापील नोटेशनची झेरॉक्स बघून गातात. तालमीत अठराव्या बारमध्ये सगळ्यांचा शुद्ध निषाद आणि काकूंचा कोमल. सरांनी थांबवलं, परत घेतलं, परत कोमल. तिसऱ्यांदा सर सगळ्यांसमोर म्हणाले, घरी रियाज करून येत जा. काकूंनी वही मिटली.

मला तेव्हाच माझ्या फाईलची शंका आली होती. मी गप्प बसले. हे आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी येऊन फाईल उघडली. लिलीपॉण्डमध्ये वर जी मेजर लिहिलं तरी एफ आपोआप शार्प, म्हणजे इथला शुद्ध निषाद, होत नाही, प्रत्येक वेळी फिस (एफ शार्प) लिहावं लागतं, नुसता एफ म्हणजे कोमल. मी आधी एबीसी नोटेशन ही टाईप करायची दुसरी पद्धत वापरायचे, त्यात वर पट्टी लिहिली की होतो. सगळीकडे फिस लिहिलं होतं, फक्त तिथे जुन्या सवयीने नुसतं एफ. लिलीपॉण्डने काढलेल्या पीडीएफमध्ये नॅचरलची (इथे शार्प नाही अशी) खूणही आली होती, पण झेरॉक्स आहेत म्हणून मी पीडीएफ बघितलंच नव्हतं. आणि ऐकलं ते चारही आवाज एकत्र, आल्टोची फाईल एकदाही नाही.

सकाळी काकूंना फोन केला. म्हणाल्या, "अगं मला वाटतच होतं तो सूर तिथला नाही, पण तूच म्हणाली होतीस ना, मशीन चुकत नाही."

म्हणाले होते, खरंच, आणि अगदी ठासून. सरांनाही सांगितलं, पण फोनवर. काकूंना बोलणी मात्र सगळ्यांसमोर बसली होती.

कीबोर्डवर वाजवलं असतं तर बोट आपोआप काळ्या पट्टीवर गेलं असतं, हे मान्य. तरी मी टाईपच करणार, कारण दुरुस्ती दोन अक्षरांची होती आणि चारही फाईली लगेच नव्या झाल्या. पण काकूंचा कोमल निषाद कार्यक्रमापर्यंत मधूनच येत राहिला, त्याचं माझ्याकडे उत्तर नाही. नव्या गाण्याची आल्टोची फाईल आज रात्री टाकते, काकूंनी संध्याकाळी ऐकली की.