तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळ कुठलं वापरता?

मी रेणूंच्या हालचाली मोजते असं सांगितलं की संभाषण ठरलेल्या वाटेने जातं. फेम्टोसेकंद म्हणजे किती? एकावर पंधरा शून्यं मांडा आणि सेकंदाला त्या संख्येने भागा. समोरचा माणूस क्षणभर गप्प बसतो आणि मग विचारतो, "मग घड्याळ कुठलं वापरता?" अतिजलद लेझरवर काम करणाऱ्या कुणा रसायनशास्त्रज्ञाला पुरस्कार मिळाल्याची बातमी आली की असं विचारणारे वाढतात.

घड्याळ वापरतच नाही. आम्ही अंतर मोजतो.

प्रकाश एका फेम्टोसेकंदात 0.3 मायक्रोमीटर पुढे जातो. केसाच्या जाडीइतकं अंतर कापायला त्याला दोन-तीनशे फेम्टोसेकंद लागतात. म्हणून लेझरच्या एका पल्सचे, म्हणजे प्रकाशाच्या अगदी क्षणिक झोताचे, आम्ही दोन भाग करतो. एक थेट नमुन्याकडे जातो, दुसरा सरकत्या पाटावर बसवलेल्या आरशांवरून वळसा घालून येतो. आरसे एक मायक्रोमीटर मागे घेतले की जाऊन-येऊन दोन मायक्रोमीटर वाट वाढते आणि ती पल्स जवळजवळ 7 फेम्टोसेकंद उशिरा पोहोचते. झालं आमचं घड्याळ. शेवटी बसलेला डिटेक्टर या सगळ्याच्या मानाने लाखो पटींनी संथ असतो, पण त्याने फक्त किती प्रकाश आला एवढंच सांगायचं असतं. वेळ आरशाने आधीच ठरवून दिलेली असते.

पहिली पल्स जोरकस. ती काही रेणूंमधल्या बंधांना थरथरायला लावते. दुसरी अगदी मंद. ती मागून येऊन त्या बंधांची अवस्था बघून जाते. दोन्ही इन्फ्रारेड, कारण बंधांची थरथर त्याच प्रकाशाला प्रतिसाद देते. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध साधारण 10 फेम्टोसेकंदांत एक हेलकावा पुरा करतो. पण नेमका किती वेगाने, हे शेजाऱ्यावर ठरतं. शेजारच्या रेणूने हायड्रोजन बंधाने, म्हणजे दोन रेणूंमधल्या हलक्या ओढीने, घट्ट धरून ठेवलं असेल तर हेलकावा मंदावतो, पकड सैल झाली की वेग वाढतो. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. शेजार बदलला की बंधाचा सूर बदलतो, आणि तो सूर आम्हाला ऐकू येतो.

पाण्यात हा शेजार एक-दोन पिकोसेकंदांत बदलतो. एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद, प्रकाशाच्या हिशेबात जेमतेम पाव मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर. रेणूला दिशा बदलायला साधारण अडीच पिकोसेकंद लागतात. हे वळणं हळूहळू, डुगडुगत होत असेल असं पूर्वी गृहीत धरलेलं होतं. 2006 साली दामियाँ लाझ आणि जेम्स हाइन्स यांनी संगणकावरच्या सिम्युलेशनवरून वेगळंच सांगितलं: रेणू वाट बघत बसतो, आणि नवा जोडीदार जवळ आला की एका झटक्यात मोठा कोन वळून त्याला धरतो. मला हे चित्र फार आवडतं. पाणी वाहतं म्हणजे ते आतून सैल असेल असं वाटतं, प्रत्यक्षात तिथे सतत जुने हात सोडून नवे धरणं चाललेलं असतं.

वर्तमानपत्रं याला 'रेणूंचा चित्रपट' म्हणतात. अहमद झेवैल यांना 1999 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हापासून हा शब्द रुळला असावा. त्यांच्या गटाने 1987 मध्ये आयोडीन सायनाइडचा बंध सुमारे 200 फेम्टोसेकंदांत तुटताना नोंदवला होता, आणि त्या कामाचं मोल कुणी नाकारणार नाही. पण चित्रपट या शब्दाशी माझं वाकडं आहे. एकेका रेणूचं चित्र आम्हाला दिसत नाही. अब्जावधी रेणूंची सरासरी दिसते, तीही तोच प्रयोग हजारो वेळा करून, दर वेळी आरसा किंचित सरकवून. हाती येतात ते आलेख. 1998 मध्ये रॉबिन हॉकस्ट्रासर यांच्या गटाने प्रथिनांच्या तुकड्यांवर द्विमितीय इन्फ्रारेड पद्धत वापरून दाखवली. तिच्या आलेखात एका अक्षावर बंधाचा आधीचा सूर असतो, दुसऱ्यावर नंतरचा. पाण्यावर ती वापरली की आलेखात सुरुवातीला तिरका लांबट डाग दिसतो. मागच्या क्षणी आपला सूर काय होता हे रेणू विसरत गेला की डाग गोल होतो. डागाच्या लांबोटेपणात स्मृती मोजायची, हे कुणाला पटकन समजावता येत नाही. मलाही समजायला वर्ष लागलं.

त्या पहिल्या वर्षात मी एक शोधही लावला होता. पाण्यातला एक बदल, जो ओसरायलाच तयार नव्हता. तीन आठवडे मी आनंदात होते. मग लक्षात आलं, मी पाणी तापवत होते. जोरकस पल्सने दिलेली ऊर्जा शेवटी उष्णतेत जाते, हायड्रोजन बंध किंचित सैल होतात आणि तो फरक मागे रेंगाळतो. या क्षेत्रात येणारा जवळजवळ प्रत्येकजण हा शोध एकदा लावतो.

बाकी दिवस अलाइनमेंटमध्ये, म्हणजे प्रकाशाची वाट नीट जुळवण्यात, जातात. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लाल लेझरच्या बीमला वाटाड्या करून तिच्या वाटेने इन्फ्रारेड बीम न्यायची. हवेतली वाफ तो प्रकाश खाते, म्हणून सगळं खोक्यात बंद करून कोरडी हवा सोडायची. मग दोन पल्स नेमक्या एकाच वेळी पोहोचतात ती आरशाची जागा, आमचं शून्य, शोधायची. ती सापडली नाही तर पुढचं काहीच मोजता येत नाही.

आणि हो, प्रयोगशाळेत भिंतीवर एक घड्याळ आहे. डिटेक्टर गार ठेवायला काही तासांनी द्रव नायट्रोजन ओतावा लागतो, त्यासाठी त्याकडे बघतो. ते पाच मिनिटं मागे आहे. दुरुस्त करायचं राहून गेलंय.