व्हेरिलॉग ते लेआउट: चिपची टूल्स एकमेकांना जोडताना

गूगल आणि चिप बनवणारी कंपनी स्कायवॉटर यांनी २०२० मध्ये १३० नॅनोमीटरचा पीडीके, म्हणजे तिथे चिप बनवून घ्यायला लागणारे नियम आणि तयार गेट्सची लायब्ररी यांचा संच, सगळ्यांसाठी खुला केला. लागणारी टूल्सही फुकट मिळतात. यॉसिस व्हेरिलॉगमधून, म्हणजे सर्किटचं वर्णन करणाऱ्या कोडमधून, गेट्स काढतं, ओपनरोड ती मांडून तारांनी जोडतं, मॅजिक आणि नेटजेन तपासणी करतात. ओपनलेन नावाची तयार साखळीही आहे. तरी एक छोटा युआर्ट (सिरियल डेटा पाठवणारं-घेणारं सर्किट) घेऊन ही साखळी मी स्वतः बांधली, कारण कुठलं टूल पुढच्याच्या हाती नेमकं काय देतं हे मला बघायचं होतं.

एकेक टूल चालवणं सोपं आहे. खरं काम सांध्यांवर असतं.

वेळेचंच घ्या. पीडीकेच्या लायब्ररीसोबत ओपनरोडला क्लॉकचा पिरियड (एका ठोक्याचा वेळ) १० दिला की ते १० नॅनोसेकंद धरतं. यॉसिसमधून चालणाऱ्या, गेट्स निवडणाऱ्या एबीसी या टूलला मात्र तोच आकडा पिकोसेकंदात, म्हणजे १०००० असा लागतो. गडबड झाली तर एरर येत नाही, फक्त भलत्याच वेगासाठी गेट्स निवडली जातात. म्हणून पिरियड एकाच फाइलमध्ये लिहायचा आणि दोन्ही आकडे स्क्रिप्टने काढायचे, असं मी सुरुवातीलाच ठरवलं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एलव्हीएसने, म्हणजे लेआउट आणि सर्किट जुळतात का या तपासणीने. मॅजिक लेआउटमधून सर्किट वाचून काढतं, नेटजेन ते नेटलिस्टशी (गेट्स आणि त्यांच्या जोडण्यांच्या यादीशी) ताडून बघतं. लेआउटमधल्या सेल्सना पॉवर आणि ग्राउंडच्या पिन असतात, यॉसिसच्या नेटलिस्टमध्ये त्या नसतात. शिवाय क्लॉकचा सिग्नल सगळीकडे पोचवणारे बफर ओपनरोड नंतर घालतं. त्यामुळे तुलना करायची ती राउटिंगनंतर (तारा जोडून झाल्यावर) ओपनरोडकडून पॉवरच्या जोडण्यांसह लिहून घेतलेल्या नेटलिस्टशी. 'सर्किट्स मॅच युनिकली' ही ओळ उमटली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच! पण ही नेटलिस्ट मूळ व्हेरिलॉगप्रमाणेच वागते का, हे एलव्हीएस सांगत नाही. त्यासाठी मूळ व्हेरिलॉग तपासणारा टेस्टबेंच (चाचणीचा कोड) मी आयकॅरस या सिम्युलेटरमध्ये या नेटलिस्टवर पुन्हा चालवतो. हा टप्पा गाळू नये असं माझं ठाम मत आहे.

टायमिंग तिन्ही कॉर्नरला, म्हणजे चिप नेहमीसारखी, सर्वांत हळू आणि सर्वांत वेगाने चालेल अशा तिन्ही स्थितींत, बघावं: सेटअप (डेटा क्लॉकच्या ठोक्याआधी वेळेत पोचणं) हळू कॉर्नरला, १०० अंश आणि १.६० व्होल्टला, तर होल्ड (ठोक्यानंतर डेटा लगेच न बदलणं) वेगवान कॉर्नरला, उणे ४० अंश आणि १.९५ व्होल्टला अडतो.

आता 'मेक' ही कमांड दिली की जीडीएस फाइलपर्यंत, म्हणजे कारखान्याला द्यायच्या अंतिम लेआउटपर्यंत, सगळं आपोआप होतं. टूल बिनबोभाट संपलं म्हणजे रिपोर्ट स्वच्छ असतोच असं नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर स्क्रिप्ट रिपोर्ट उघडून वाचते आणि एकही व्हायोलेशन दिसलं तर पुढचं टूल सुरूच करत नाही.