गागारिनच्या गावाला जायचंय?

आमचे आजोबा 1961 च्या शेवटी मुंबईत युरी गागारिनला, म्हणजे अंतराळात गेलेल्या पहिल्या माणसाला, बघायला गेले होते. गर्दीत नुसती टोपी दिसली म्हणायचे. गडी होताच 157 सेंटीमीटरचा! तेव्हा मॉस्कोला गेल्यावर एक दिवस त्याच्या गावासाठी काढायचाच, असं ठरवलं होतं.

गाव मॉस्कोच्या पश्चिमेला, सुमारे 180 किलोमीटरवर. पूर्वी ग्झात्स्क म्हणत. 1968 मध्ये विमान अपघातात तो गेल्यावर गावाचंच नाव गागारिन झालं. बेलारुस्की स्टेशनवरून लोकल मिळते. थेट गाड्या कमी. माझी चुकली आणि मोझाइस्कला गाडी बदलताना फलाटावर तासभर कुडकुडलो. परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा. रोख रूबल जवळ हवेतच, आपली व्हिसा-मास्टरकार्डं 2022 पासून तिथे चालत नाहीत.

बरेच जण गावातलं संग्रहालय बघून परततात. तसं करू नका. त्याचा जन्म (9 मार्च 1934) क्लुशिनो खेड्यातला, ते आणखी वीसेक किलोमीटर आत आहे. स्टेशनवरून जाऊन-येऊन टॅक्सी ठरवा आणि थांबायचे पैसे आधीच बोलून घ्या, कारण तिथून परतायला दुसरी टॅक्सी मिळेल याची खात्री नाही.

तिथे जमिनीत खणलेली एक खोली पुन्हा उभारून ठेवली आहे. रशियन शब्द झेमल्यांका. जर्मन सैन्याने घर बळकावल्यावर गागारिन कुटुंब असल्या खोलीत राहिलं. आकार जेमतेम तीन मीटर बाय तीन मीटर. वाकून आत शिरलो, ओल्या मातीचा वास आला, आणि डोकं वरच्या ओंडक्याला आपटलं. धाकट्या बोरिसला एका जर्मन सैनिकाने मफलरने सफरचंदाच्या झाडाला टांगलं होतं, पोर वाचलं. थोरला भाऊ वालेन्तिन आणि बहीण झोया यांना 1943 मध्ये मजुरीसाठी पकडून नेलं. हे सगळं घडलं तेव्हा युरी आठ-नऊ वर्षांचा होता. पुढे ज्या व्होस्तोक यानातून त्याने 108 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारली, तिचा गोळा 2.3 मीटर व्यासाचा. त्याला अडचण वाटली नसावी.

पाऊस पडून गेला असेल तर जुने बूट घाला, चिखल भयंकर असतो.

युद्धानंतर सुतार बापाने क्लुशिनोचं घर उतरवून, ओंडके वाहून नेऊन ग्झात्स्कमध्ये पुन्हा बांधलं. ते बघा. उड्डाणानंतर सरकारने आईवडिलांना दिलेलं घरही तिथेच आहे, आणि युरीची काळी व्होल्गा मोटार. मोटारीपुढे फोटोसाठी रांग होती. मी सुताराच्या घरात जास्त रेंगाळलो. 12 एप्रिलला लोक सांगू लागले की मेजर गागारिन अंतराळात गेलाय, तेव्हा म्हातारा म्हणे म्हणाला होता, आमचा पोरगा मेजर नाही, सीनियर लेफ्टनंट आहे. बढती उड्डाण चालू असतानाच झाली होती, ती त्याला कुठून कळणार!

रशियात बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मंगळवार ते शुक्रवारात जा, आणि क्लुशिनो आधी उरका.