ग्रानिएच्या दरडीवरची वाइन

पहिला घोट घेतला आणि मनात आलं, यात पाणी घातलंय का?

हे मोठ्याने बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. द्राक्षबागेच्या मालकांची मुलगी हसली आणि म्हणाली, "थांबा जरा, फार गार आहे अजून."

आम्ही आप्रमाँमध्ये होतो. शाँबेरीपासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. फ्रान्सचा हा साव्वा प्रांत, आल्प्सच्या कुशीतला. समोर 1933 मीटर उंचीचा मों ग्रानिए, एका अंगाने सुरीने कापल्यासारखा सरळ. 24 नोव्हेंबर 1248 च्या रात्री त्याचं ते अंग कोसळलं आणि खालची गावं माणसांसकट गाडली गेली. मियाँ गावच्या देवळापाशी, तिथल्या मेरीच्या काळ्या मूर्तीच्या दारात, दरड थबकली असं तिथले लोक सांगतात. आज द्राक्षबागा आहेत त्या याच दरडीच्या चुनखडीवर. वेलींची ओळ सरळ चालता चालता मध्येच बैलगाडीएवढ्या धोंड्याला वळसा घालते. धोंडा फोडून काढावा असं कुणाला वाटत नाही का, विचारलं तर मुलगी म्हणाली, "एक काढला की खाली दुसरा असतोच."

द्राक्षाचं नाव जाकेर. वेल भरभरून फळ देते, आणि मोकळी सोडली तर रस पांचट होतो. म्हणून छाटणी कडक. वाइन बनते स्टीलच्या टाकीत, थंड ठेवून. मग ती यीस्टच्या गाळावर काही महिने तशीच राहते आणि वसंतात बाटलीत भरतात. ओकचं पिंप कुठेच नाही. अंगणात एक दिसलं, पण ते अर्धं कापून त्यात जिरेनियम लावलं होतं.

ओकमधली वाइन मला आवडते, हे कबूल करते. व्हॅनिला, लवंग, थोडासा खोबऱ्यासारखा वास. जीभ लगेच खूश होते. पण जाकेरचा आवाजच मुळात बारीक. त्यावर लाकूड चढवलं तर नुसतं लाकूडच पीत बसायचं. हे कळायला मला तीन ग्लास लागले (तिसरा खरं तर नवऱ्याचा होता).

दहा मिनिटांनी ग्लासचा गारवा जरा उतरला. आता हिरवं सफरचंद, लिंबाची साल, कुठलंतरी पांढरं फूल, आणि शेवटी ओल्या दगडाची चव. खनिज वगैरे शब्द मी टाळते, कारण दगड मुळांतून वर येऊन ग्लासात उतरत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी पाऊस पडून गेल्यावर पायरीला येतो तो वास होता, एवढं नक्की. जिभेच्या टोकाला बारीक चुरचुर, टाकीतच राहून गेलेल्या वायूची. अल्कोहोल अकरा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे डोकंही जागेवर.

मालक स्वतः फारसं बोलले नाहीत. रब्लोशाँ चीजचा एक तुकडा कापून पुढे सरकवला आणि खूण केली, आता पी. सायीसारखं मऊ, वासाला चांगलंच उग्र चीज, आणि त्यावर हा आंबट घोट: तोंड पुन्हा लख्ख, पुढच्या तुकड्याला तयार. मघाशी जिला पाणीदार म्हणत होते, तिच्याच दोन बाटल्या घेतल्या.

निघताना मुलीने विचारलं, "पिंपातली हवी होती का?" मी जिरेनियमकडे पाहिलं. नको म्हणाले.