तुम्ही विचारलंत म्हणून: ठोके अनियमित असताना ऑपरेशनला तयार कशी झाले?

परवा हळदीकुंकवाला परत एकीने विचारलं, अगं तुला हार्टचा एवढा त्रास, मग पिशवी काढायच्या ऑपरेशनला तयार कशी झालीस, भीती नाही वाटली? वाटली, खूप वाटली. पण नाही केलं तर काय होईल याची जास्त वाटत होती.

लहानपणी सांधे सुजून ताप यायचा त्यात माझा वाल्व आकसला. पुढे बलून घालून उघडला पण ठोके बिघडले ते बिघडलेच, एट्रियल फिब्रिलेशन. हार्टचा वरचा कप्पा नीट आवळतच नाही, नुसता थरथरतो, मग रक्त तिथे साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. म्हणून रोज रक्त पातळ करायची गोळी, ॲसिट्रॉम, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवायचा, मेथी पालक सुद्धा बेतानेच. आणि त्याच गोळीने गर्भाशयातल्या गाठींचं ब्लीडिंग इतकं वाढलं की हिमोग्लोबिन 7.4! गोळी घेतली तर रक्त जातंय, बंद केली तर गुठळीची भीती.

एका ठिकाणी सांगितलं, आठवडाभर गोळी बंद करा आणि ॲडमिट व्हा. मधल्या दिवसांचं काय विचारलं तर उत्तरच नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. मग मिरजेला दुसरीकडे गेलो, तिथल्या गायनॅक मॅडमनी माझ्यासमोर हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला, भुलीच्या डॉक्टरांनाही बोलावलं. धीर आला तो तिथे. तिघं एकमेकांशी बोलले म्हणून मी तयार झाले, माझं धाडसबिडस काही नाही.

आधी सलाईनमधून आयर्न, सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन 10.6. मग मिस्टरांनी कालनिर्णयवर पेन्सिलीने सगळं मांडलं, गोळी कुठल्या दिवशी बंद, त्या दिवसांत गोळीच्या जागी रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शनं कधीपासून, शेवटचं ऑपरेशनच्या 24 तास आधी. इंजेक्शन लेकच द्यायची, सकाळ संध्याकाळ, पोटाची चिमूट धरून, पहिल्या दिवशी तिचाच हात कापत होता. बेंबीच्या बाजूला जांभळे डाग पडले होते नुसते. ठोक्यांची मेटोप्रोलॉलची गोळी मात्र एक दिवसही चुकवली नाही, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर.

(माझं बघून कुणी करू नका हं. ज्यांचा वाल्व चांगला आहे त्यांना बहुतेक वेळा ही मधली इंजेक्शनं लागत नाहीत. पण गोळी बंद कधी, चालू कधी आणि मधे काय, हे विचारून लिहून घ्याच, मनाने बंद तर अजिबात नको.)

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या रात्री मात्र छातीत एकदम धडधड, मॉनिटरवर ठोके 148, आणि मला वाटलं संपलं सगळं. ड्यूटीवरच्या सिस्टरनी आधी माझा हात धरला, मग डॉक्टरांना उठवलं. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं होतं, ते ड्रिपमधून हळूहळू देत होते आणि शीर अशी जळजळत होती की विचारू नका, सिस्टर मधूनमधून येऊन ड्रिपचा वेग बघून जायच्या. पहाटे 92 झाले तेव्हा त्यांनीच बाहेर जाऊन मिस्टरांना सांगितलं.

ॲसिट्रॉम परत सुरू झाली होती, इंजेक्शनंही. घरी आल्यावर नवव्या दिवशी आयएनआर 2.2 आला आणि लेकीने उरलेल्या दोन सुया डब्यात टाकून झाकण लावलं.