त्याचं उत्तर दर वेळी शून्य

आमची शाळा नाशिक जिल्ह्यातली, त्यामुळे १७ जानेवारीला मी नववीच्या तासाला कापरेकरांचं कोडं घालतेच. गणितज्ञ द. रा. कापरेकर, जन्म याच तारखेचा, १९०५ सालचा, डहाणूचा. नोकरी आयुष्यभर देवळालीत शाळामास्तराची. मुलांना हे ऐकून बरं वाटतं, देवळाली म्हणजे इथलंच की. मलाही बरं वाटतं, कारण वेगळं आहे, ते सोडा.

वर्गात ५२ जण. चार-पाच जण पुढचे धडे स्वतःच संपवून बसलेले आणि सात-आठ जणांना हातच्याची वजाबाकीसुद्धा कागदावर जमत नाही. अशा वर्गात कोडं घालणं जिकिरीचं असतं. पहिल्या बाकावरून दोन मिनिटांत उत्तर येतं आणि बाकीचे पेन खाली ठेवतात. कापरेकरांच्या कोड्याचं तसं होत नाही. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं आणि मग तिथून हलत नाही. कापरेकरांना हे १९४६ साली सापडलं. अर्थात शेवटी काय येणार ते मी आधी सांगत नाही.

फळ्यावर मी २०२५ करून दाखवायला घेतलं. ५२२० वजा ०२२५, म्हणजे ४९९५. पुढचं तुम्ही करा म्हटलं. कुणी जन्मसाल घेतलं, कुणी मोबाइलचे शेवटचे चार आकडे. पाचेक मिनिटांत एका कोपऱ्यातून “६१७४”, मग दुसऱ्या कोपऱ्यातून “माझंपण”, आणि वर्गभर कलकलाट. या घटकेसाठीच मी हे कोडं घालते.

खिडकीजवळचा एक मुलगा मात्र हात वर करून म्हणाला, “मॅडम, माझं शून्य आलं.”

त्याने वडिलांच्या पिकअपचा नंबर घेतला होता, ४१७१. “चुकलं असेल, परत कर,” मी न बघताच म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा हात वर. दुसरी संख्या, पुन्हा शून्य. मग फळ्यावरची २०२५ घेतली, त्याचंही शून्य. शेजारचे हसायला लागले. मी कच्ची वही हातात घेतली.

७४११ वजा ११४७. त्याचं उत्तर ६३३६. मग ६६३३ वजा ३३६६, उत्तर ३३३३. मग शून्य. २०२५ चं बघितलं तर ५००५, मग ५५५५, मग शून्य.

एखाद्याचं हातचा विसरून चुकलं तर उत्तरं वेडीवाकडी येतात. शिवाय या कोड्याची गंमत अशी की मध्येच चुकलं तरी बहुतेक वेळा गाडी ६१७४ वरच जाते, कारण चुकीचं उत्तर ही पण एक चार अंकी संख्याच असते. याची चूक मात्र शिस्तीत होती. एककात १ मधून ७ जात नाहीत, तर हा ७ मधून १ काढत होता. प्रत्येक घरात तेच.

मी त्याची वजाबाकी तशीच फळ्यावर लिहिली आणि वर्गाला विचारलं, या पद्धतीने नेहमी शून्यच येईल का? वर्ग गप्प झाला. पहिलं बोलला तोच. “मॅडम, ६३३६ उलटं वाचलं तरी तेच आहे. ५००५ पण.” कुणीतरी मागून “चिमा काय कामाची!” म्हणून ओरडलं. मग पहिल्या बाकावरची मुलगी फळ्याशी आली. उतरत्या क्रमाखाली चढता क्रम लिहिला की पहिल्या आणि शेवटच्या घरात तेच दोन अंक समोरासमोर येतात, फक्त वर-खाली होऊन. मधल्या दोन घरांतही तसंच. म्हणून याचं पहिलं उत्तर उलटसुलट सारखंच येणार. त्यात दोन-दोन अंक सारखे, म्हणून पुढच्या फेरीत चारही घरांत एकच फरक. आणि त्यापुढे शून्य. एवढी नेटकी सिद्धता मी त्या वर्षात दुसरी पाहिली नाही. तीसुद्धा एका चुकीच्या वजाबाकीची.

मधल्या सुट्टीत त्याला थांबवलं. असं का करतोस, विचारलं. “लहानपणी सांगितलं होतं ना, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.” सांगणाऱ्याने संख्येबद्दल सांगितलं असणार, याने ते प्रत्येक घराला लावलं होतं. मी सहज म्हटलं, तुझ्याकडे सात हजार चारशे अकरा रुपये आहेत, अकराशे सत्तेचाळीस दिलेस, किती उरले? छताकडे बघत पुटपुटला, “तीन दिले की अकराशे पन्नास, पन्नास दिले की बाराशे...” आणि म्हणाला, “सहा हजार दोनशे चौसष्ट.” बरोबर. आठवडी बाजारात टोमॅटोच्या गाळ्यावर हिशेब तोच बघतो.

“मग वहीत असं का नाही करत?”

“ते बाजारातलं आहे, मॅडम.”

संध्याकाळी मी कपाटातून त्याची घटक चाचणी काढली. ५०३ वजा २६८, उत्तर ३६५. खाली माझ्याच अक्षरात, लाल शाईने, “निष्काळजीपणा. लक्ष देऊन सोडव.” लक्ष तो देतच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने पिकअपचा नंबर पुन्हा सोडवला. ६२६४, ४१७६, ६१७४. तीन फेऱ्यांत पोचला आणि वर बघून विचारलं, “पाच अंकी घेतली तर?”

पाच अंकी संख्या कुठल्याच एका संख्येवर थांबत नाहीत, ठरावीक संख्यांच्या फेऱ्यात गोल फिरत राहतात. ते मी त्याला सांगितलेलं नाही. दोन पानं भरली आहेत त्याची.