रुग्णात माणूस दिसावा

लंडनमध्ये मी हॉस्पिसमध्ये काम करते हे कळलं की गावाकडच्या मैत्रिणी हमखास विचारतात, "रोज मरणं बघून तुझं मन कसं लागतं गं?" विचारतात ते काळजीपोटी, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आजार बरा होणार नाही हे स्पष्ट झालं, की दुखणं, धाप, मळमळ, भीती हे सगळं आवाक्यात आणायचं, हे इथलं काम. औषधांचा मेळ बसला की काही रुग्ण घरीही जातात. रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. थोडा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते, बराचसा लोकांच्या देणग्यांतून भागतो. मी हेल्थकेअर असिस्टंट आहे. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, तोंडाची निगा राखणं ही माझी कामं.

तोंडाच्या निगेबद्दल थोडं सांगते. शेवटच्या दिवसांत पाणी पिणं जवळजवळ थांबतं, तोंडाने श्वास चालतो, जीभ सुकते, ओठांना भेगा पडतात. लहान मुलांचा मऊ ब्रश ओला करून, पाणी झटकून, तो गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून अलगद फिरवायचा. पाणी जास्त राहिलं तर ठसका लागतो. आणि हे सगळं बोलत बोलत करायचं: "आता ब्रश लावते हं, जरा गार लागेल." माणूस शुद्धीवर नसला तरी. त्याला ऐकू येतंय असं धरूनच आम्ही वागतो.

एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या बायकोने सांगितलं, यांना बिनदुधाचा कडक चहा लागायचा. मग पाण्याऐवजी कोमट चहात ब्रश बुडवला. बराच वेळ निपचित असलेली जीभ हलली, ब्रशच्या टोकाशी आली. बाईंनी माझ्या हातून ब्रश घेतला आणि पुढचं सगळं स्वतः केलं. त्या मला थँक यू म्हणत राहिल्या. मला मात्र वाटत होतं, आभार मी मानायला हवेत. इतक्या वर्षांचा संसार, त्यातली ही शेवटची घटका, आणि त्यांनी मला तिथे उभं राहू दिलं.

रुग्णात देव पाहावा, असं आपल्याकडे म्हणतात. भावना फार मोठी आहे. पण मला त्याच्यात तो माणूसच दिसावा असं वाटतं: कडक चहा पिणारा, डाव्या कुशीवर झोप न लागणारा, नातवाच्या फोनची वाट पाहणारा. ज्याला काही मागता येत नाही त्याला काय हवंय हे ओळखायला मन पूर्ण त्याच्यापाशी ठेवावं लागतं. तेवढा वेळ माझी मीच मला आठवत नाही. अध्यात्म म्हणतात ते मला तिथे भेटलं.

ज्यांच्यामुळे हे काम असं घडलं त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि पुढे डॉक्टर झाल्या. दुखणं उसळायची वाट न पाहता औषध ठरल्या वेळी द्यायचं, हा आग्रह त्यांचा. वेदना शरीराची असते तशीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हेही त्यांनी ठासून मांडलं. १९४८ साली डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने गेला. जवळचं इथे कुणी नव्हतं. सिसिली त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसत. अशा रुग्णांसाठी तुम्ही उभाराल त्या घरातली एक खिडकी माझी, असं म्हणून त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले. त्या खिडकीभोवतीचं घर, दक्षिण लंडनमधलं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, १९६७ साली उभं राहिलं. जाणाऱ्या माणसाकडेही देण्यासारखं काही असतं, हे त्या बाईंना तिशीच्या उंबरठ्यावरच उमगलं होतं.

हे फक्त परदेशातच मिळतं असं मात्र समजू नका. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेचं, केंद्र १९९७ पासून. दोन्हीकडे सेवा विनामूल्य आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल आणि "आता घरी न्या" एवढंच सांगितलं गेलं असेल, तर पॅलिएटिव्ह केअरबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तोंडाची निगा आणि कूस बदलणं नर्सकडून शिकून घ्या. आणि त्यांना चहा कसा आवडायचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.